नकाशावरच्या काळ्या रेघा

इंग्लंडमधील यॉर्क शहरात १५ मार्च १८१३ रोजी एका मजुराच्या घरी जॉन स्नो यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलच्या एका सर्जनकडे उमेदवारीला लागले. तेथेच किलिंगवर्थच्या कोळसा खाणीतील पटकीची साथ त्यांनी जवळून पाहिली. पुढे लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीत क्लोरोफॉर्म त्यांनीच दिला. पटकीचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

पटकी दुर्गंधीयुक्त हवेतून होते, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. उलट्या-जुलाब होतात म्हणजे दोष पोटात गेलेल्या पाण्याचा, असे स्नो यांनी १८४९ मध्येच मांडले; पण ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस सोहो भागात पटकी भडकली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. स्नो यांनी मृत्युनोंदीतील पत्ते घेतले आणि ते दारोदार फिरले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाजवळचे होते. जवळच्या गरीबगृहात मात्र ५३५ जणांपैकी केवळ ५ दगावले. तेथे स्वतंत्र विहीर होती. शेजारच्या बिअर कारखान्यातील कामगार पंपाचे पाणी पीतच नसत, तेही वाचले. उलट, दूर हॅम्पस्टेडला एक वृद्धा दगावली. ती याच पंपाचे पाणी मुद्दाम मागवत असे. अपवादांनीच पुरावा पक्का केला.

७ सप्टेंबरला त्यांनी स्थानिक समितीला हे सांगितले. दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. नंतर प्रसिद्ध केलेल्या नकाशात प्रत्येक मृत्यूसाठी एक काळी रेघ होती. कोणता पंप चालत जाण्यास जवळचा, याची सीमाही त्यांनी आखली.

तरीही सरकारी समितीने त्यांचे मत फेटाळले. १६ जून १८५८ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी स्नो यांचे निधन झाले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात वेगळा केला, तो १८८४ मध्ये.

आज शहरांच्या नियंत्रण कक्षात कॅमेऱ्यातील दृश्य डिजिटल नकाशावरील ठिकाणाशी जोडता येते. काय घडले आणि कुठे घडले, हे त्यातून कळते. का घडले, हे कळायला आजही दारोदार जाऊन विचारावे लागते. म्हणून जुलाबाच्या रुग्णाच्या केसपेपरवर औषधाइतकाच पूर्ण पत्ता आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत महत्त्वाचा. रुग्णांनी तो न चुकता सांगावा.