बुरशीचे वाण आणि जनरल सोखे

पेनिसिलिन बुरशीपासून होते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु १९२८ साली फ्लेमिंग यांना गवसलेल्या बुरशीवर कारखाना कधीच चालला नसता. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया येथे एका सडक्या खरबुजावर अधिक सकस वाण सापडले. त्यावर क्ष-किरण व अतिनील किरणांचा मारा करून शास्त्रज्ञांनी त्याची उत्पादकता कैक पटींनी वाढविली. या धंद्यातील खरे भांडवल पोलादी टाक्यांपेक्षा या निवडक वाणातच होते. जालन्याचा बियाणे-व्यवसाय पाहिलेल्या मराठवाड्याला हे निराळे सांगावयास नको.

ही गोष्ट आपल्याकडे ज्यांनी वेळीच ओळखली, त्यांत मेजर जनरल साहिब सिंग सोखे अग्रभागी होते. १८८७ साली अमृतसरला जन्मलेल्या या लष्करी डॉक्टरची कर्मभूमी मात्र मुंबई. १९३२ साली ते परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि सतरा वर्षे त्या पदावर राहिले. प्लेगवरील लस व औषधोपचार हा त्यांच्या संशोधनाचा विषय. (नृत्यांगना मेनका या त्यांच्या पत्नी, त्यांनी खंडाळ्यास नृत्यशाळा चालविली.) नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीने आरोग्यविषयक उपसमिती नेमली, तिचे नेतृत्व सोखे यांच्याकडे होते. दर हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, ही तिची शिफारस आजही जुनी वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर पेनिसिलिनचा कारखाना काढावयाचा ठरला, तेव्हा प्रश्न पैशाचा होता, त्याहून अधिक विद्येचा होता. परदेशी कंपनीशी करार केला तर वाण व कृती मिळणार, पण गुप्ततेच्या अटीवर. म्हणजे पुढील प्रत्येक सुधारणेसाठी पुन्हा त्याच दारी जाणे आले. हाफकिन सोडल्यावर सोखे जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक झाले होते. ज्ञान खुले राहील अशा आंतरराष्ट्रीय साहाय्याचा त्यांनी आग्रह धरला. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, आणि १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. तेथील संशोधकांनी पिंपरीच्याच मातीतील एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन शोधले. गंमत अशी, की हे औषध बुरशीच्याच रोगांवरचे!

तथापि हे धोरण पुढे एकसंध राहिले नाही. स्ट्रेप्टोमायसिनसाठी त्याच पिंपरीने अमेरिकेच्या मर्क कंपनीशी करार केला. वाणसुधारणा हे अखंड, खर्चिक काम. त्यात आपण मागे पडलो आणि या शतकात स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलिनचे मूळ उत्पादन बंद पडले. चिकलठाणा-वाळूजसारख्या वसाहतींत गोळ्या-इंजेक्शने तयार होतात. परंतु प्रतिजैविकांच्या कच्च्या मालासाठी देशाची भिस्त बव्हंशी चीनवर राहिली. २०२० साली सरकारला अनुदानयोजना आखावी लागली, तेव्हा कुठे २०२४ मध्ये काकिनाडा येथे नवा प्रकल्प उभा राहिला.

सोखे ऑक्टोबर १९७१ मध्ये निवर्तले. औषधांच्या उत्पादनावरील मक्तेदारी नाकारून केवळ प्रक्रियेस पेटंट देणारा कायदा त्यानंतर सहा महिन्यांनी अमलात आला.