सर्पगंधेचा हिशेब मांडणारा डॉक्टर

बॉटनीच्या ट्रिपला आलापल्लीच्या जंगलात गेला असाल, तरी सर्पगंधा तुमच्या नजरेतून सुटली असण्याचीच शक्यता जास्त. जेमतेम गुडघाभर उंचीचं झुडूप. पानं बहुधा तीन-तीनच्या घेऱ्यात, लालसर देठांवर पांढरट-गुलाबी फुलं, पिकल्यावर काळी-जांभळी होणारी बारीक फळं. वरून पाहिलं तर काहीच खास नाही. सगळी किंमत जमिनीखाली, कडूजहर मुळात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाढणाऱ्या याच झाडाच्या मुळाने मुंबईच्या एका डॉक्टरला जगभर ओळख मिळवून दिली. त्यांचं नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. सर्पगंधा वकिलांनी शोधली नाही. वैद्य आणि वैदू शेकडो वर्षं ती वापरत होते. साप चावला, झोप येत नाही, डोकं फिरलंय, काढा मूळ! बिहारकडे तर तिला वेड्यांचं औषध म्हणूनच ओळखायचे. ती रक्तदाब उतरवते, हेही त्यांनी पहिल्यांदा सांगितलं नाही. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते छापलं होतं. त्याच साली दिल्लीत सिद्दिकी मंडळींनी मुळातली रासायनिक द्रव्यं वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असं नावही दिलं. मग वकिलांनी नेमकं केलं काय?

त्यांचा जन्म 1911 चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. डॉक्टरकीचं शिक्षण लंडनला झालं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी ते मुंबईला परतले आणि हृदयरोग हाच विषय त्यांनी धरला. तेव्हा आपल्याकडे हृदयाचा स्पेशालिस्ट ही चीज फारशी कुणाला माहीत नव्हती.

त्या काळात हाय बीपीवर औषध काय होतं? खरं सांगायचं तर काहीच नाही. मीठ कमी करा, पडून राहा, झोपेच्या गोळ्या घ्या. फारच वाढलं तर काही ठिकाणी ऑपरेशन करून पाठीच्या कण्याजवळच्या नसाच कापायचे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं उदाहरण घ्या. त्यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत गेलं. सगळ्यात बलाढ्य देशाच्या प्रमुखाचे डॉक्टर ते नुसतं मोजत राहिले. एप्रिल 1945 मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले.

त्याच वर्षांत मुंबईत वकील आपल्या रुग्णांना सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या देत होते. गोळ्या बाजारात होत्याच, इतर डॉक्टरही देत होते. वकिलांनी वेगळं एवढंच केलं, की ते मोजत राहिले आणि लिहून ठेवत राहिले. औषधाआधी बीपी किती, नंतर वरचं किती उतरलं, खालचं किती, गोळी बंद केल्यावर ते पुन्हा कधी चढलं. काम कंटाळवाणं. ना लॅब, ना मोठी मशीन, नुसता दंडाला बांधायचा पट्टा, स्टेथोस्कोप आणि वही. असं सुमारे दहा वर्षं चाललं. या अनुभवातून 50 रुग्णांचा अभ्यास त्यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. बहुतेकांचं बीपी हळूहळू उतरलं होतं, आणि गोळी थांबवल्यावरही काही काळ उतरलेलं राहत होतं. शिवाय देशभरातल्या इतर डॉक्टरांना विचारून त्यांचं मतही त्यांनी त्यात मांडलं.

आजच्या नियमांनी पाहिलं तर हा अभ्यास कच्चा आहे, हे मान्य करायला हवं. चिठ्ठ्या टाकल्यासारखं रुग्णांना दोन गटांत वाटायचं, एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला दिसायला तशीच खोटी, आणि कुणाला काय मिळालं ते डॉक्टरलाही कळू द्यायचं नाही, ही पद्धत त्यात नव्हती. ती तेव्हा नुकती कुठे सुरू होत होती. टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधली गाजलेली चाचणी 1948 ची, म्हणजे जेमतेम एक वर्ष आधीची. पण वकिलांच्या पेपरमध्ये आकडे होते, आणि आकडे तपासून पाहता येतात.

तसंच झालं. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो पेपर वाचला, भारतातून सर्पगंधा मागवली आणि स्वतःच्या रुग्णांवर वापरून पाहिली. त्यांनाही गुण दिसला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रिसर्पिन हे मुख्य द्रव्य वेगळं केलं. 1956 मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. मानसिक आजारांवर ते वापरलं गेलं. रिसर्पिन दिलेले ससे जागच्या जागी गोठल्यासारखे होतात आणि एल-डोपा दिलं की पुन्हा हलायला लागतात, हे स्वीडनच्या कार्लसन यांनी पाहिलं. त्यातून मेंदूतल्या डोपामीनचं काम उलगडलं आणि पुढे कार्लसन यांना नोबेलही मिळालं. एका मुळाने कुठून कुठे नेलं बघा!

वकिलांना 1957 मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषण. पण त्याहून मोठी गोष्ट 1967 मध्ये घडली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत एडवर्ड फ्राइस यांनी खूप बीपी असलेल्या 143 पुरुषांवर चाचणी घेतली. अर्ध्यांना औषधं, अर्ध्यांना खोटी गोळी. खोट्या गोळीच्या गटात 27 जणांवर गंभीर संकट ओढवलं, औषधाच्या गटात फक्त दोघांवर. बीपी उतरवलं की माणसं वाचतात, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसलं. त्या गटाला दिलेल्या तीन औषधांपैकी एक होतं रिसर्पिन.

इथवरची गोष्ट मेडिकलच्या बऱ्याच विद्यार्थ्यांना ऐकून माहीत असते. वकिलांचं पुढचं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या चिंचोळ्या झाल्या की चालताना, चढ चढताना छाती भरून येते. थांबलं की बरं वाटतं. हा झाला अंजायना. धमनी पूर्ण बंद पडून हृदयाचा तुकडा मेला, की तो हार्ट अटॅक. पण या दोन्हींच्या मध्येही एक टप्पा असतो. बसल्या-बसल्या दुखतं, जास्त वेळ दुखतं, वरचेवर दुखतं, आणि अटॅक मात्र अजून आलेला नसतो. अशा माणसाला गॅस झालाय म्हणून घरी पाठवलं जाण्याची भीती तेव्हा होती, आजही आहे. वकिलांनी नेमके हेच रुग्ण निवडले आणि पुढे त्यांचं काय होतं याचा पाठपुरावा केला. 1961 मध्ये सर्क्युलेशन आणि 1964 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिओलॉजी या नियतकालिकांत त्यांनी हे काम छापलं. या टप्प्यातल्या अनेकांना पुढे खरोखर अटॅक येतो, आणि रक्त गोठू न देणारी औषधं दिली तर धोका कमी होतो, असं त्यांना आढळलं. आज याला अनस्टेबल अंजायना म्हणतात. असा रुग्ण आला की लगेच ॲडमिट करून ईसीजी काढतात आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं सुरू करतात.

बाकी वहीची सवय त्यांनी पुढच्या पिढीलाही लावली. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं क्लिनिकल डायग्नोसिस हे पुस्तक रुग्णाला कसं विचारावं, कसं पाहावं, हेच शिकवतं.

1974 मध्ये वकील गेले. योगायोग असा, की त्याच वर्षी रिसर्पिनमुळे स्तनाचा कॅन्सर होतो अशी शंका घेणारे तीन अभ्यास लॅन्सेटमध्ये आले आणि खळबळ उडाली. पुढच्या अभ्यासांत ती शंका टिकली नाही. पण मन उदास होणं, नाक चोंदणं, नाडी मंदावणं हे त्रास होतेच. तोवर नवी औषधंही आली होती, त्यामुळे रिसर्पिन मागे पडलं.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. गडचिरोलीच्या 86 गावांत मृत्यूंची कारणं शोधणारा सर्च संस्थेचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. गावात माणसं कशाने मरतात म्हटलं की आपल्या डोक्यात मलेरिया येतो, साप येतो. या अभ्यासात सगळ्यात वर होता पक्षाघात, साधारण सातातला एक मृत्यू. आणि पक्षाघाताचं मोठं कारण म्हणजे वाढलेलं बीपी, जे दुखत नाही, खुपत नाही, पट्टा बांधल्याशिवाय कळतही नाही.

म्हणून कुणी जंगलातून मूळ आणून चघळू नये. एका मुळात औषध किती आणि दुसऱ्यात किती, हे डोळ्यांना दिसत नाही. जास्त झालं तर नाडी आणि बीपी धोक्याइतकं खाली जातं. शिवाय आता जंगलात मूळ उरलंय तरी किती? पान तोडलं तर झाड जगतं, मूळ खणलं तर ते संपतं. जगभरातून मागणी आली तशी सर्पगंधा खणली गेली. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस कराराचं नियंत्रण आहे. तुमच्या कॉलेजच्या औषधी बागेत एखादं रोप असेलच. पावसाळ्यात पाहिलंत तर कदाचित फुलंही दिसतील.