आल्फ्रेड वेगेनर : खंड सरकतात असं सांगणारे हवामानशास्त्रज्ञ

भूपट्टांचा पाठ सुरू झाला की सातवी-आठवीची मुलं हमखास विचारतात की एवढी मोठी जमीन सरकते तर आपल्याला कळत कसं नाही, आणि हे पहिल्यांदा सुचलं तरी कुणाला. पहिल्याचं उत्तर आपण देतो : भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगानं सरकतात. दुसऱ्यासाठी फळ्यावर वेगेनर हे नाव आणि १९१२ हे साल लिहितो नि पुढे जातो. इथे घाई करू नका. हा माणूस जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

आल्फ्रेड वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक. १९०५ मध्ये त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण मन रमलं ते हवामानात. १९०६ मध्ये थोरला भाऊ कुर्ट याच्यासोबत ते फुग्यातून सलग ५२ तास आकाशात राहिले. तो त्या वेळचा विक्रम होता. त्याच वर्षी ते ग्रीनलंडच्या मोहिमेवर गेले. म्हणजे ते भूगर्भशास्त्रज्ञ नव्हतेच. हे मुलांना आवर्जून सांगा, कारण पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनी त्यांना उपरं ठरवलं त्यामागे हेही एक कारण होतं.

पुढे मारबुर्गला शिकवत असताना जगाचा नकाशा बघून त्यांना वाटलं, दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतात की! हे आपल्या वर्गातल्या मुलांनाही दिसतं. त्यांच्या आधी इतरांनाही दिसलं होतं. वेगेनर मात्र तिथे थांबले नाहीत. १९११ मध्ये ग्रंथालयात त्यांच्या वाचनात आलं की समुद्रानं तोडलेल्या खंडांवर सारखेच जीवाश्म सापडतात. मग त्यांनी पुरावे जमवायला सुरुवात केली आणि ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टमध्ये आपला विचार मांडला. पहिल्या महायुद्धात ते जखमी झाले, आणि १९१५ मध्ये खंड व महासागर कसे निर्माण झाले यावरचं त्यांचं पुस्तक आलं.

त्यांचा युक्तिवाद वर्गात करून दाखवता येतो. वर्तमानपत्राचं पान फाडा आणि तुकडे मुलांना जुळवायला द्या. नुसत्या कडा जुळल्या तर तो योगायोग असू शकतो. पण ओळीसुद्धा सलग वाचता आल्या, तर पान एकच होतं हे मानावंच लागतं. वेगेनरांच्या या ओळी म्हणजे खडकांचे पट्टे, जीवाश्म आणि जुन्या हिमनद्यांच्या खुणा. त्यातली एक खूण आपल्याच राज्यात आहे. चंद्रपूरजवळ इरई इथे हिमनदीनं ओरखडलेला खडक एकोणिसाव्या शतकातच सापडला होता. उन्हाळ्यात चंद्रपूरचं तापमान बातम्यांत ऐकणाऱ्या मुलांना हे सांगून बघा! भारत पूर्वी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, आफ्रिका आणि अंटार्क्टिकाला चिकटून होता असं धरलं, तरच अशा खुणांचा अर्थ नीट लागतो.

तरी त्यांचं म्हणणं बहुतेकांनी मानलं नाही. इथे आपली एक सवय मोडायला हवी. आपण ही गोष्ट एक शहाणा नि बाकी सगळे मूर्ख अशी रंगवतो. तसं नव्हतं. खंड ढकलतं कोण, हा विरोधकांचा प्रश्न रास्त होता. वेगेनरांनी पृथ्वीच्या फिरण्यातून येणारं बल आणि चंद्र-सूर्याचं ओढणं ही कारणं दिली. हॅरोल्ड जेफ्रीस यांनी हिशेब करून ती बलं फारच तोकडी पडतात हे दाखवलं. ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकतं, हा वेगेनरांचा अंदाजही साफ चुकला होता. थोडक्यात, सरकणं खरं होतं, पण कारण आणि वेग दोन्ही चुकले. माझ्या मते मुलांना हे दोन्ही कळायला हवं. गुण द्यायचे तर उत्तराला किती नि रीतीला किती, हा प्रश्न आपल्यालाही पडतोच ना?

१९३० मध्ये ते पुन्हा ग्रीनलंडला गेले. हिमथराच्या मधोमध, किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत त्यांचे सहकारी हिवाळाभर नोंदी घेणार होते. त्यांच्यापर्यंत सामान पोचत नव्हतं म्हणून वेगेनर स्वतः निघाले. उणे ५० अंशांच्या थंडीत ते तिथे पोचले, आणि १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, रास्मुस व्हिलुमसेन या ग्रीनलंडच्या तरुणासोबत परत फिरले. वाटेतच त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या मे महिन्यात त्यांचा देह सापडला. व्हिलुमसेननं तो नीट पुरून खूण म्हणून त्यांच्या स्की तिथे रोवल्या होत्या. व्हिलुमसेन मात्र कधीच सापडला नाही. त्याचंही नाव मुलांना सांगा.

वेगेनरांच्या बाजूनं साक्ष द्यायला पुढे आपला काळा दगड उभा राहिला. लाव्हा थिजताना त्यातली लोहखनिजं त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राचा कल धरून ठेवतात, आणि हा कल अक्षांशानुसार बदलतो. १९५० च्या दशकात क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी, आणि पाठोपाठ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासोबत दख्खनचा बेसाल्ट मोजला. हा दगड विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थिजला होता! ढकलणाऱ्या बलाचा प्रश्न त्यानंही सुटला नव्हता; ते कोडं १९६० च्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासातून उलगडत गेलं.

यंदा वेरूळला सहल नेलीत तर पृथ्वीगोल आणि दोरा सोबत घ्या. कैलास लेणं ज्या लाव्ह्यात कोरलंय तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तेव्हा आपली जमीन आजच्या रीयुनियन बेटाजवळच्या तप्त स्थानावर होती. गोलावर ते बेट आणि छत्रपती संभाजीनगर यांमध्ये दोरा ताणा. अंतर येईल अंदाजे ५,००० किलोमीटर, म्हणजे ५० कोटी सेंटीमीटर. त्याला ६.६ कोटींनी भागायला मुलांना तिथेच, लेण्यासमोर बसवा.