राणी बांकाबाई आणि महालांतील राजवाडा

जुम्मा दरवाजांतून, ज्यास आतां गांधी गेट म्हणतात, महालांत शिरलें म्हणजे जुन्या नागपूरची वस्ती लागते. तेथें एके काळीं भोसल्यांचा राजवाडा उभा होता. काळ्या दगडाचा तो वाडा लांकडी कोरीव कामानें नटलेला असे. आपल्यापैकीं कित्येकांचें त्या वाटेनें नित्य जाणें-येणें होतें. परंतु ज्या वृद्ध राणीनें त्या वाड्यासाठीं हट्ट धरला, तिचें स्मरण थोड्यांसच असेल.

बांकाबाई या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या राणी. 1816 सालीं रघूजी वारले, आणि वर्ष भरण्यापूर्वींच त्यांचे पुत्र परसोजी यांचा खून झाला. 1817 च्या नोव्हेंबरांत सीताबर्डीच्या लढाईंत आप्पासाहेबांचा मोड होऊन पुढील वर्षीं ते पदच्युत झाले. मग रघूजींच्या कन्येचा अल्पवयी पुत्र दत्तक येऊन तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसला. कारभार रेसिडेंट जेंकिन्स याच्या हातीं गेला. मुलाची व राजगृहाची देखरेख बांकाबाईंकडे राहिली.

हे रघूजी 11 डिसेंबर 1853 रोजीं निपुत्रिक वारले. डलहौसीनें दत्तक नाकारून 1854 सालीं राज्य खालसा केलें. बाईंनीं तेव्हां सत्तरी गांठली होती. राज्य गेलें तें गेलेंच. पण सरकारनें घरच्या चीजवस्तूंवरहि हात टाकला. हत्ती, घोडे, बैल लिलांवांत निघाले. जवाहीर विक्रीसाठीं कलकत्त्यास गेलें. वाड्यांतील सामान हलवाल तर वाड्यासच आग लावीन, असें बाईंनीं बजावल्याची हकीगत के या इंग्रज इतिहासकारानें नमूद केली आहे.

आणि तरीहि 1857 च्या जून महिन्यांत टाकळीच्या घोडदळांत उठावाचा बेत झाला, तेव्हां आपल्या माणसांस त्यांनीं आवरून धरलें! याबद्दल त्यांस कोणी नांवें ठेवतात. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. राज्य बुडालें होतें, दत्तकाचा निकाल लागावयाचा होता; घराण्याचें नांव तरी राहावें, एवढीच आशा त्या थकल्या जिवास उरली असावी. 1858 सालीं त्या निवर्तल्या. दत्तक जानोजींस देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला, तो त्यांच्या पश्चात्.

सहा वर्षांनीं, 1864 सालीं, तो राजवाडा खरोखरच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. मोठा दरवाजा तेवढा वांचला.