मोजून माणसे वाचवणारा : डॉ. वाल्डेमार हाफकिन

(बी. कॉम. भाग २)

मुंबईला परळमध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण हाफकिन हे एका माणसाचे नाव आहे, तो माणूस इंग्रज नव्हता आणि हिंदीही नव्हता, आणि ज्या सरकारने त्याच्या लशीने लाखो माणसे जगवली त्याच सरकारने त्याला काही वर्षे गुन्हेगारासारखे घरी बसवले, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. रोगजंतूंविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. पण या माणसाचे चरित्र वाचताना मला वारंवार हिशेबाची वही आठवत राहिली. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात हे दाखवून ज्यांनी पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवले, तेच हे मेचनिकॉव्ह. विद्यार्थिदशेत हाफकिन झारशाहीविरुद्धच्या चळवळीत पडले आणि तुरुंगही पाहून आले. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती. ते त्यांनी नाकारले. मग गुरू पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि १८८९ साली शिष्यही मागोमाग तिथे पोचला. प्रयोगशाळेत जागा नव्हती, तेव्हा ग्रंथालयात साहाय्यकाची नोकरी पत्करली. पगार पुस्तकांचा आणि जीव जंतूंत, अशी ती अवस्था होती.

तिथेच त्यांनी पटकीवरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांतून, चहाच्या मळ्यांतून, लष्करी छावण्यांतून त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. या दिवसांविषयी पुष्कळ सांगता येईल, पण मला मुंबईकडे वळायचे आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला. तो प्लेग होता. लोक शहर सोडून पळू लागले. हाफकिन यांना सरकारने कलकत्त्याहून मुंबईला बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक ओसरी मिळाली, दिमतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस केली. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढतात. मग ते उष्णतेने मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालून टिकवायचे. रस्सा गोमांसाचा किंवा डुकराच्या मांसाचा असता तर इथे कोणी दंड पुढे केला नसता, म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. रशियात जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये शिकलेल्या माणसाला हे सुचावे याचे मला फार कौतुक वाटते.

त्या दिवसांत दवाखान्यात काम करणे म्हणजे काय होते, हे शेजारच्याच जे. जे. हॉस्पिटलात दिसत होते. तिथले बडे डॉक्टर मॅन्सर जानेवारी १८९७ मध्ये प्लेगने गेले. त्यांची शुश्रूषा करणारी नर्स जॉइस हीसुद्धा गेली. पुढे दोनच महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने वारल्या. १८९८ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात मुंबईहून नेलेल्या जंतूंवर काम चालू असताना प्रयोगशाळेतला नोकर बारिश प्रथम आजारी पडला. मुंबईचा प्लेग डोळ्यांनी पाहून गेलेले डॉ. म्यूलर त्याच्यावर उपचार करताना दगावले आणि पेखा नावाची नर्सही दगावली. रोगी बरा करणारा आधी मरतो, असा तो काळ होता.

अशा वेळी, १० जानेवारी १८९७ रोजी, हाफकिन यांनी नवी लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे इतरांना दिली त्याहून मोठ्या मात्रेत. ताप आला, हात दुखला, ते सावरले. आता ती इतरांना उपयोगी पडते की नाही हे ठरवायचे होते. आणि मला वाटते, हाफकिन यांचे खरे मोठेपण इथून सुरू होते. स्वतःला सुई टोचून घेण्यास धैर्य लागते खरे, पण आपल्या लशीचा हिशेब आपणच प्रामाणिकपणे मांडायला त्याहून जास्त लागते.

भायखळ्याच्या तुरुंगात जानेवारीअखेर प्लेग शिरला. ३० जानेवारीला आपणहून पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना लस टोचली. त्याहून थोडे अधिक कैदी बिनटोचलेले राहिले. अन्न तेच, बराक तीच, काम तेच. टोचले त्याच दिवशी ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरलेला दिसला, ते वेगळे काढले. मग रोजच्या रोज नोंद ठेवली. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ गेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघेही जगले. कैदी आपणहून पुढे आले असे म्हणतात, पण कैद्याची खुशी कितपत खुशी असते असा प्रश्न माझ्या मनात येतो. तो बाजूला ठेवला, तरी हिशेबात एक फट राहतेच. लस घ्यायला पुढे येणारा मुळातच धट्टाकट्टा किंवा सावध असेल तर? मग श्रेय लशीचे, की त्याच्या स्वभावाचे?

ही फट बुजवण्यासाठी त्यांनी फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातले उंधेरा हे गाव निवडले. गावात प्लेग चालूच होता. वस्ती हजाराच्या थोडी वर. हाफकिन यांनी घरोघरची माणसे समोर बसवली आणि प्रत्येक घरातली निम्मी माणसे टोचली, ५१३ जण. एकाच चुलीवर जेवणारे, एकाच छपराखाली निजणारे; काही टोचलेले, काही बिनटोचलेले. नंतर ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांचा हिशेब असा होता : न टोचलेले ६४, त्यांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले, टोचलेले ७१, त्यांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. मी हे आकडे वहीत दोन रकाने आखून मांडले तेव्हा काही वेळ पुढे वाचवले नाही. त्या २६ जणांचे भाऊ, बायका, मुले त्याच घरात टोचून घेऊन जगली होती.

लशीने अंगात नेमके काय होते, हे हाफकिन यांना पाहता येत नव्हते. रक्तात रोगाविरुद्ध काहीतरी तयार होते एवढे तेव्हा कळू लागले होते. टायफॉइडसाठी आजही आपण करतो ती विडाल टेस्ट १८९६ चीच. पण गावच्या गाव रक्त तपासणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून आजारी किती आणि मृत किती, हीच त्यांची मोजपट्टी होती.

आपल्याकडे ही मोजपट्टी सव्वाशे वर्षांनी किती बदलली, ते सांगते. माझी मावशी धार जिल्ह्यातल्या कुक्षीला दिलेली आहे आणि तिथे एका दवाखान्यात नर्स आहे. निमाडी मिसळलेल्या मराठीत ती फोनवर बोलते. २०२० च्या कोरोनात तिचे दोन सहकारी आजारी पडले, ती मात्र धडधाकट राहिली. मला होऊन गेला की झालाच नाही, एवढे तरी कोणी सांगा, असे ती म्हणायची. हे सांगणारी तपासणी देशात चालू होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ७० जिल्ह्यांत लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, मोजल्या. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ च्या फेरीत ७,१७१ आरोग्य कर्मचारीही घेतले होते, त्यांच्यापैकी २५.७ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे निघाली. म्हणजे चौघांतल्या एकाला तोवर कोरोना शिवून गेला होता. जून-जुलै २०२१ च्या फेरीत ७,२५२ कर्मचाऱ्यांत हेच प्रमाण ८५.२ टक्के झाले, कारण मधल्या काळात बहुतेकांनी लस घेतली होती. प्रतिपिंडे लशीची की आजाराची, हा नवा प्रश्न. त्यालाही युक्ती आहे. कोव्हिशील्ड लशीने विषाणूच्या फक्त काट्याविरुद्ध प्रतिपिंडे होतात. विषाणूच्या गाभ्याविरुद्धची सापडली तर समजावे, खरा विषाणू येऊन गेला. या ७० जिल्ह्यांत देवास होता, धार नव्हता. तेव्हा मावशीचे रक्त त्या मोजणीत गेले नाही. नमुन्यात सगळ्यांना घेता येत नाही, हे सांख्यिकीच्या तासाला मला पटते; तिला पटवणे अवघड गेले.

हाफकिन यांच्याकडे पुन्हा वळू. लशीची कीर्ती वाढली. आगाखान यांनी स्वतः टोचून घेतले, आपल्या खोजा समाजाला घ्यायला लावले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. आपल्या भागात हुबळी, धारवाड, गदग इथे १८९८ साली प्लेगने कहर केला. हुबळीत डॉ. ल्यूमन यांनी हजारोंना लस टोचली, आणि तिथेही टोचलेले व न टोचलेले यांची आठवड्याआठवड्याला वेगळी मोजणी ठेवली. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातल्या मित्रांपैकी कोणी त्या दिवसांच्या घरच्या आठवणी लिहिल्या तर फार बरे होईल. कन्नड मुलुखात प्लेग मारम्माची देवळे अजून आहेत. हाफकिनचे देऊळ कुठे नाही. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

आणि मग मुलकोवाल. हे पंजाबातले खेडे आज पाकिस्तानात आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ लोकांना लस टोचली. पाच बाटल्यांपैकी ५३-एन या एकाच बाटलीतली लस १९ जणांना मिळाली आणि ते एकोणीसही धनुर्वाताने मेले. इतर ८८ जणांना काही झाले नाही. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस करताना कार्बोलिक ॲसिड घालण्याची रीत हाफकिन यांनी वगळली होती, हे मुख्य कारण सांगितले गेले. त्यांना कामावरून दूर केले आणि ते विलायतेला गेले.

१९ जीव गेले, त्यांचा जाब विचारायलाच हवा होता. पण ज्या माणसाने कैद्यांचे आणि खेडुतांचे दोन्ही रकाने इतक्या काटेकोरपणे मांडले, त्याच्या वेळी मात्र एकच रकाना वाचला गेला. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच तिचे बूच त्याने काढले, हे साक्षीत आले होते. बाटली फोडली तेव्हा तिला काही वास नव्हता, हेही नोंदलेले होते. धनुर्वाताचे जंतू आत आधीपासून वाढत असते तर घाण सुटली असती. हिशेब तपासनीस एखादी रक्कम जमेला घेतो आणि तिच्यासमोरचे व्हाउचर पाहतच नाही, त्यातला हा प्रकार.

हाफकिन चार वर्षे पत्रव्यवहार करीत राहिले. अखेर २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस त्यांत पुढे होते, आणि कलकत्त्यात हाफकिन यांचे काम जवळून पाहिलेले सिम्प्सनही होते. सरकारने त्यांना पुन्हा नोकरीवर घेतले. पण परळची जागा दुसऱ्याकडे गेली होती. त्यांना कलकत्त्याला धाडले गेले, आणि पूर्वीसारखे मोठे काम त्यांच्या हातून पुन्हा झाले नाही. निवृत्त होऊन ते युरोपला परतले. लग्न केले नव्हते. उतारवयात त्यांचे मन आपल्या धर्माकडे अधिक वळले आणि बचत त्यांनी ज्यू पाठशाळांसाठी ठेवली.

१९२५ साली परळच्या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, तेव्हा ते हयात होते. तोपर्यंत तिथून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावी त्यांचे निधन झाले.