शिल्पकार विनायकराव करमरकर

आमच्या न्हावरे गावाकडील मुले पोळ्यापूर्वी ओढ्याकाठची माती आणून तिचे बैल घडवितात. सण सरला की ते बैल कोनाड्यात पडून राहतात, आणि त्या बोटांतील कसबही बहुधा तेथेच विसरले जाते. ज्याचे कसब असे विसरले गेले नाही, अशा एका खेड्यातील मुलाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागेजवळील सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. त्यांचे वडील गणपतीच्या मूर्ती करीत. त्यामुळे मातीशी त्यांचा परिचय बालपणीच झाला. एकदा गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवछत्रपतींचे चित्र काढले. ते त्या वेळचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले. गुणग्राही रॉथफील्डसाहेबांनी त्या मुलास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली. त्या दिवशी भिंत खराब केली म्हणून कोणी त्यास केवळ दटावले असते, तर महाराष्ट्र एका थोर शिल्पकारास मुकला असता.

पुढे त्यांनी कलकत्त्यास शिल्पशाळा थाटली व १९२० साली लंडनच्या रॉयल अकादमीत शिक्षण घेतले. स्वदेशी परतल्यावर पुण्याच्या शिवस्मारकाचे काम त्यांच्याकडे आले. महाराजांचा अश्वारूढ पुतळा साडेतेरा फूट उंच व सुमारे ८ टन वजनाचा. आणि तो ब्राँझमध्ये एकसंध ओतावयाचा! असल्या कामास मूर्तिकाराची भट्टी कोठून पुरणार? म्हणून ते मुंबईच्या माझगाव गोदीत करण्यात आले. जेथे जहाजांची कामे चालत, तेथे छत्रपतींची मूर्ती आकारास आली. ओतकामात जराशी चूक होती तर सारे श्रम व्यर्थ जाते. परंतु ते तडीस गेले, पुतळा आगगाडीने पुण्यास आला आणि १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

एवढी कीर्ती लाभल्यावरही विनायकरावांचे मन सासवण्यातच राहिले. तेथे त्यांनी घरे बांधण्याचे साधे सिमेंट हाती घेतले. ब्राँझला भट्टी व पैसा लागतो, संगमरवर दुरून आणावा लागतो; सिमेंट मात्र स्वस्त, आणि कोकणच्या पावसात उघड्यावरही टिकणारे. त्यातून त्यांनी कोळीण, शेजारचे ग्रामस्थ व बसलेली म्हैस घडविली. गावच्या माणसांना आपलीच रूपे त्या मूर्तींत दिसू लागली. कला ही केवळ राजवाड्यांसाठी नाही, हा पाठ त्यांना पुस्तकावाचून मिळाला.

भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९६७ साली ते निवर्तले. त्यांच्या राहत्या घरी आता संग्रहालय असून तेथे सुमारे १५० शिल्पे आहेत.

विद्यार्थिमित्रहो, पुण्यास जाल तेव्हा शिवाजीनगरच्या त्या पुतळ्यापुढे क्षणभर उभे राहा. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, यंदा मुलाने मातीचा बैल केला, तर तो जरा निरखून पाहावा. ईश्वराने दिलेले देणे कोणत्या घरी, कोणत्या हातांत असेल, हे कोणी सांगावे?