श्रीलंकेत मिस्सा म्हणायला कुणीच उरलं नव्हतं, तेव्हा गोव्याचे फादर जोसेफ वाझ मजुराच्या वेशात तिथे पोहोचले

चर्चमध्ये फादर नसले तर नेमकं काय अडतं? प्रार्थना तर घरीही करता येते.

कॅथलिक कुटुंबं रोजरीची प्रार्थना घरीच म्हणतात. अगदीच वेळ आली तर बाळाला बाप्तिस्माही कुणीही देऊ शकतं. पण मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करून होणारी मुख्य उपासना, फक्त दीक्षा घेतलेला धर्मगुरूच करू शकतो. पापाची कबुली ऐकून क्षमा देणं आणि आजाऱ्याला तेलाचा संस्कार देणं हेही त्याचंच काम. त्यामुळे फादर नाहीत म्हणजे हे सगळं बंद.

सतराव्या शतकात श्रीलंकेत हेच झालं. डचांनी १६५६ मध्ये पोर्तुगिजांकडून कोलंबो घेतलं आणि १६५८ मध्ये जाफना. डच प्रॉटेस्टंट होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकललं, उपासनेवर बंदी घातली. धर्मगुरूला घरात लपवणं हाही गुन्हा ठरला. पुढची जवळपास तीस वर्षं तिथले कॅथलिक फादरविना राहिले.

ही खबर गोव्यात जोसेफ वाझ यांच्या कानावर आली.

वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ चा, बाणावलीचा. मूळ घर सांकवाळला. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. त्या काळी युरोपीय धर्मसंघ गोव्यातल्या स्थानिक धर्मगुरूंना सहसा आत घेत नसत. म्हणून जुन्या गोव्यात काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. वाझ १६८५ मध्ये त्यांच्यात आले आणि त्यांनी या संघाला ओरेटरीची शिस्त लावली. ओरेटरी या शब्दाचा मूळ अर्थच प्रार्थनेची जागा.

धर्मगुरूच्या दिवसाला दोन खांब असतात. एक मिस्सा. दुसरा ब्रेव्हिअरी, म्हणजे ठरलेल्या वेळी म्हणायची स्तोत्रं आणि प्रार्थना. ही प्रार्थना त्याच्यावर बंधनकारक असते, कारण ती तो एकट्यासाठी नाही, सगळ्या चर्चच्या वतीने म्हणतो. गोव्यात हे सगळं वाझ यांना बिनधोक करता येत होतं. तरीही त्यांनी ते सोडून जायचं ठरवलं.

१६८७ मध्ये ते गरीब मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले. आजारी, हातात पैसा नाही. आता प्रश्न होता, कॅथलिक ओळखायचे कसे? त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत फिरू लागले. माळ पाहून ज्यांच्या चेहऱ्यावर ओळख दिसली, त्यांच्याशी हळूहळू संबंध जोडला. मग रात्री कुणाच्या तरी घरात मिस्सा, कबुली, बाप्तिस्मे, आणि उजाडण्याआधी पुढच्या गावाला.

डचांची पकड घट्ट झाली तेव्हा ते बौद्ध राजाच्या कँडी राज्यात गेले. तिथे १६९२ मध्ये पोर्तुगिजांचे हेर म्हणून त्यांना कैद झाली. कैदेतच त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा सैल झाल्यावर झोपडीवजा चर्च उभारून त्यात मिस्साही सुरू केली. दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस पडला आणि राजाची मर्जी बसली, अशी परंपरा आहे. १६९७ च्या देवीच्या साथीत लोक रोग्यांना टाकून पळत होते, तेव्हा वाझ त्यांची शुश्रूषा करत होते. त्यात धर्म पाहिला जात नव्हता.

पुढे गोव्याहून आणखी धर्मगुरू आले. त्यांतले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली आणि तमिळमध्ये धार्मिक पुस्तकं लिहिली. मिस्सा लॅटिनमध्येच होती, पण लोकांच्या हाती त्यांच्या भाषेतलं काहीतरी आलं.

१६ जानेवारी १७११ रोजी वाझ कँडीत वारले. गोव्याला ते परत आलेच नाहीत. मात्र त्यांच्यामागे मिस्सा थांबली नाही, ती चालवायला धर्मगुरू तिथे होते. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. श्रीलंकेचे पहिले संत आपल्या शेजारच्या गोव्याचे आहेत.